तीन की चार? प्रोस्टेटचं ग्रेडिंग नव्याने शिकताना

प्रोस्टेटच्या बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडला की युरॉलॉजिस्टची नजर आधी एकाच ओळीवर जाते. ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो याचा आकडा, किती आणि ग्रेड ग्रुप, म्हणजे त्यावरून ठरणारा पाचपैकी एक गट, कुठला? बाकी सगळं नंतर. ३+३=६ असेल आणि पीएसए हे रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन फार वाढलेलं नसेल, तर पुष्कळ रुग्णांना ऑपरेशन लागत नाही, रेडिएशनही लागत नाही; ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायॉप्सी अशा देखरेखीवर वर्षानुवर्षं ठेवता येतं. ४+३=७ झालं की रेडिएशनच्या जोडीला सहसा चार ते सहा महिने हार्मोनचे उपचार येतात. स्कोअर ८, ९ किंवा १० असेल तर तेच उपचार दीड ते तीन वर्षं चालतात. त्यात हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, ताकद उतरते. माणसाची पुढची काही वर्षं कशी जाणार, हे त्या बेरजेवर इतकं अवलंबून असतं. आणि ही बेरीज ब्लड शुगरच्या आकड्यासारखी मशीनमधून छापून येत नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावून पॅथॉलॉजिस्ट ती ठरवतो.

मी लातूरला काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट म्हणजे सगळ्याचाच पॅथॉलॉजिस्ट. सकाळच्या ट्रेमध्ये अपेंडिक्स, गर्भाशय, पित्ताशय, थायरॉइड, त्वचेवरची गाठ आणि मध्येच कुठेतरी प्रोस्टेटचे कोअर, म्हणजे सुईने काढलेले बारीक तुकडे, असतात. मोठ्या संस्थांमध्ये फक्त मूत्रमार्ग आणि प्रोस्टेट बघणारे लोक असतात, ते रोज तेच बघतात. आमच्याकडे प्रोस्टेट येतं, पण बाकीच्या गर्दीतून येतं. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला की पुष्कळ घरं ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड मागून घेतात आणि परळला टाटामध्ये दाखवायला नेतात. ते योग्यच आहे, दुसरं मत घ्यायलाच हवं. पण तिथून परत आलेल्या एखाद्या मुलाच्या हातात दोन कागद असतात आणि दोन्हींवरचे आकडे वेगळे असतात. "मॅडम, वडिलांना सहा आहे की सात?" या प्रश्नावर "दोन्ही बरोबर असू शकतात" असं उत्तर दिलं तर त्या मुलाने काय समजायचं?

प्रोस्टेटच्या ग्रेडिंगच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाकडे मी वळले ते आमच्या भागातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या एका बैठकीनंतर. प्रोस्टेटची एकच स्लाइड प्रोजेक्टरवर लावली होती. कॅन्सर आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. ग्रेड विचारल्यावर मात्र कुणी ३+३ म्हणालं, कुणी ३+४, तर एक ज्येष्ठ सर ४+३ वर ठाम राहिले. सगळेच अनुभवी, सगळ्यांनी पुस्तकं वाचलेली. आणि का म्हणून तीन, का म्हणून चार, हे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर तेच: "दिसतंय ना." डोळ्याला काय दिसतंय ते शब्दांत मांडता येत नसेल तर त्यावर वादही घालता येत नाही. मला हेच शिकायचं होतं.

ही अडचण आमच्यापुरती नाही, जगभरची आहे आणि जुनी आहे. मिनिआपोलिसच्या व्हेटरन्स रुग्णालयातले डोनाल्ड ग्लिसन यांनी १९६६ साली ही पद्धत मांडली. पेशींच्या केंद्रकांचा विचार बाजूला ठेवून, कमी पॉवरवर फक्त ग्रंथींची रचना बघायची आणि तिला १ ते ५ असा पॅटर्न द्यायचा, अशी ती कल्पना. सर्वांत जास्त दिसणारा पॅटर्न अधिक त्यानंतरचा, अशी बेरीज. त्यांनी हाताने काढलेलं काळं-पांढरं चित्र आजही पुस्तकांत छापतात. पण मधल्या काळात नियम बरेच बदलले. २००५ मध्ये इंटरनॅशनल सोसायटी ऑफ युरोलॉजिकल पॅथॉलॉजीने, म्हणजे आयएसयूपीने, पद्धत दुरुस्त केली. २०१४ च्या शिकागो बैठकीत क्रिब्रिफॉर्म म्हणजे चाळणीसारख्या ग्रंथी सरसकट चारमध्ये घातल्या आणि १ ते ५ असे ग्रेड ग्रुप स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात ते आले. २०१९ मध्ये पुन्हा भर पडली. २००० च्या आधी एमडी झालेला माणूस आणि काल एमडी झालेला माणूस एकाच स्लाइडकडे वेगवेगळ्या नियमांनी बघत असू शकतो, दोघांच्याही तोंडी नाव मात्र ग्लिसनचंच.

ग्रेड ग्रुपबद्दल एक सांगायलाच हवं, कारण रुग्णांशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो. बायॉप्सीत २ ते ५ हे स्कोअर आता व्यवहारात कुणी देत नाही, त्यामुळे सर्वांत सौम्य कॅन्सरही ६ पासून सुरू होतो. "दहापैकी सहा म्हणजे अर्ध्याच्या पुढे गेला का हो?" असं घाबरून विचारणारे नातेवाईक मी कितीतरी पाहिलेत. ग्रेड ग्रुप १, पाचपैकी पहिला, असं सांगितलं की त्यांचा चेहरा वेगळा होतो. आणि ३+४ व ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी आजार सारखा नाही, हेही ग्रुप २ आणि ग्रुप ३ म्हटल्यावर लगेच कळतं.

प्रशिक्षण परदेशातल्या एका विद्यापीठाच्या युरोपॅथॉलॉजी विभागाचं होतं. मोफत होतं आणि पूर्ण ऑनलाइन. ही कल्पना तशी नवी नाही. जॉन्स हॉपकिन्समधल्या पॅथॉलॉजिस्टांनी वेबवर ग्लिसनचा पाठ ठेवून, आधी आणि नंतर परीक्षा घेऊन, काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांचं ग्रेडिंग सुधारतं हे २००० सालीच दाखवलं होतं. तेव्हा स्थिर चित्रं होती. आता पूर्ण स्लाइड स्कॅन करून ठेवतात. ४० एक्सला, म्हणजे ४० पटीच्या भिंगाने, स्कॅन केलेल्या एका स्लाइडची फाइल गिगाबाइटच्या घरात जाते, पण ती तुकड्यातुकड्यांनी उघडते. तुम्ही जिथे बघताय तेवढाच तुकडा नेटवरून येतो. संध्याकाळी लॅब आटोपली की मी घरी मोठ्या स्क्रीनवर बसायचे. मोबाइलवर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी पॉवरवर पूर्ण कोअर एका नजरेत दिसला पाहिजे, नाहीतर ग्लिसनची मूळ अटच मोडते.

सुरुवातीला परीक्षा. शिकवायच्या आधीच. एकेक केस उघडायची, कोअर वरपासून खालपर्यंत फिरायचा, पॅटर्न लिहायचे, चारचे टक्के लिहायचे आणि पुढे जायचं. मागे येता येत नाही. उत्तरं कळत नाहीत. हे सगळं संपल्यावर एक पान उघडतं, त्यात तुमची उत्तरं आणि तज्ज्ञ मंडळाची उत्तरं शेजारी शेजारी असतात आणि वर एक आकडा असतो: कॅपा.

या कॅपाबद्दल आमच्यापैकी पुष्कळांनी एमडीच्या परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेलं हे माप आहे. दोघांचं किती जुळलं एवढंच ते सांगत नाही. योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करून उरलेलं सांगतं. समजा १०० स्लाइड आहेत आणि दोन डॉक्टर प्रत्येकी ८० स्लाइडना "चार नाही" म्हणतात. डोळे मिटून सांगितलं तरी त्यांचं ६८ वेळा जुळेल, कारण ०.८ गुणिले ०.८ आणि ०.२ गुणिले ०.२ यांची बेरीज ०.६८ होते. आता प्रत्यक्षात ८० वेळा जुळलं, तर ऐकायला छान वाटतं. पण कॅपा येतो ०.३७५. म्हणजे जुळण्यातला मोठा भाग नुसता योगायोग होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, अमेरिकेतल्या ४१ सर्वसाधारण पॅथॉलॉजिस्टांना ३८ बायॉप्सी दाखवल्या तेव्हा कॅपा ०.४३५ आला होता. मध्यम म्हणायला जेमतेम. त्या अभ्यासात बहुतेकांचा कल ग्रेड खाली देण्याकडे होता. आमच्या तुकडीतही तसंच निघालं, असं पहिल्या ऑनलाइन सत्रात शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. चारचा भाग तीनमध्ये जातो. उलट फार कमी होतं.

आता गाभ्याकडे येते. तीन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय?

तीन म्हणजे सुट्या, स्वतंत्र ग्रंथी. लहान असोत, मोठ्या असोत, वेड्यावाकड्या असोत, पण प्रत्येकीभोवती मनातल्या मनात पेनाने गोल काढता आला पाहिजे आणि आत ल्यूमेन म्हणजे पोकळी असली पाहिजे. चारमध्ये चार प्रकार येतात: नीट न घडलेल्या ग्रंथी, एकमेकींत मिसळलेल्या ग्रंथी, क्रिब्रिफॉर्म ग्रंथी आणि ग्लोमेरुलॉइड म्हणजे मूत्रपिंडातल्या ग्लोमेरुलससारख्या दिसणाऱ्या. पाच म्हणजे ग्रंथीच नाहीत. सुट्या पेशी, रांगा, थर किंवा मध्ये नेक्रोसिस म्हणजे मेलेला भाग असलेले गोळे. पाचवर सहसा मोठा वाद होत नाही. क्रिब्रिफॉर्मवरही तसा कमीच. तज्ज्ञांचं सर्वांत चांगलं जुळतं ते याच प्रकारावर, हे अभ्यासांतून दिसलं आहे. खरं भांडण असतं ते पहिल्या प्रकारावर.

एक केस मी कधी विसरणार नाही. कोअरच्या मधोमध उत्तम घडलेल्या ग्रंथी, गोल, आत स्वच्छ पोकळी, सरळ तीन. त्यांच्या कडेला पाच-सहा अगदी बारीक ग्रंथी, आत पोकळी दिसत नाही किंवा सुईच्या टोकाएवढी फट. पुढे थोडं अंतर सोडून पुन्हा चांगल्या ग्रंथी. तर हे चार आहे का? इथे शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. उत्तर देण्याआधी ते तुम्हाला तीन गोष्टी विचारतात. किती ग्रंथी अशा आहेत? त्या एका घोळक्यात आहेत की चांगल्या ग्रंथींच्या मध्ये विखुरलेल्या? आणि शेजारची चांगली ग्रंथी बाजूने कापली गेली तर अशी दिसू शकेल का? ग्रंथी ही लांब नळी असते. सेक्शन, म्हणजे ब्लॉकचा पातळ काप, तिच्या मधून गेला तर पोकळी दिसते; तिच्या भिंतीला चाटून गेला तर नुसता पेशींचा पुंजका दिसतो. म्हणून चांगल्या ग्रंथींमध्ये विखुरलेल्या दोन-चार बारीक ग्रंथींवर चार द्यायचा नाही. त्यासाठी १० एक्सवर दिसेल असा, बाजूने कापल्याचं कारण पुरणार नाही असा पुरेसा घोळका हवा. मग ते त्याच ब्लॉकचे पुढचे सेक्शन उघडून दाखवतात. खालच्या पातळीवर त्या सहापैकी बहुतेक ग्रंथींना नीट पोकळी होती. तीनच. दुसऱ्या एका केसमध्ये वरून अगदी असंच दिसत होतं, पण पुढच्या सेक्शनमध्ये त्या बारीक ग्रंथी तशाच राहिल्या, उलट संख्येने वाढल्या. ते चार होतं. दोन्ही केस लागोपाठ ठेवल्या होत्या आणि हे मुद्दाम केलेलं होतं.

हे शब्दांत मांडता आलं की बोलणंच बदलतं. "दिसतंय ना" च्या जागी "तीन पातळ्यांवर टिकणारा घोळका आहे" असं म्हणता येतं. समोरचा मग म्हणू शकतो, "नाही, दुसऱ्या पातळीवर पोकळी आहे, बघा." आता दोघांच्या मध्ये बोट ठेवायला काहीतरी असतं.

क्रिब्रिफॉर्मची व्याख्याही त्यांनी अशीच घट्ट करून दिली. आयएसयूपीने २०२१ मध्ये एकमताने मांडलेली आहे ती: सलग, एकमेकींना चिकटलेल्या कॅन्सरच्या पेशींचा थर, त्यात १० एक्सवर सहज दिसतील अशा अनेक पोकळ्या आणि मध्ये कुठेही स्ट्रोमा (आधाराची ऊती) किंवा म्युसिन (चिकट स्राव) नाही. या शेवटच्या अटीमुळे मिसळलेल्या ग्रंथी वेगळ्या काढता येतात. हे वेगळं काढणं महत्त्वाचं आहे, कारण क्रिब्रिफॉर्म असेल तर आजार जास्त पसरण्याची शक्यता असते आणि देखरेखीवर ठेवायचं की नाही हे त्यावरून बदलतं. म्हणून नुसतं "३+४" लिहून भागत नाही. चारमध्ये क्रिब्रिफॉर्म आहे की नाही तेही लिहायचं.

यात आणखी एक खाच आहे. क्रिब्रिफॉर्म रचना नळ्यांबाहेरच्या ऊतींत घुसलेल्या कॅन्सरमध्येही दिसते आणि नळ्यांच्या आतच वाढलेल्या इंट्राडक्टल कॅन्सरमध्येही. दुसऱ्यात भोवतीच्या बेसल पेशी टिकलेल्या असतात, पहिल्यात नसतात. एच अँड ई या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर ते नेहमी कळत नाही. मग बेसल पेशी दाखवणारे पी६३ आणि हाय मॉलिक्युलर वेट सायटोकेरॅटिन हे विशेष रंग लावावे लागतात. आणि इंट्राडक्टल भागाचा ग्रेड बेरजेत धरायचा की नाही यावर जगातल्या दोन मोठ्या संस्थांचंच जमत नाही. सोबत नळ्यांबाहेर घुसलेला कॅन्सर असेल तर धरा, असं आयएसयूपी २०१९ मध्ये म्हणाली. जेनिटोयुरिनरी पॅथॉलॉजी सोसायटी त्याच वर्षी नको म्हणाली. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी यावर बाजू घेतली नाही. एवढंच सांगितलं की तुम्ही कुठला नियम पाळता ते रिपोर्टमध्ये लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला आकडा वाचता येईल. मला हे उत्तर पूर्ण पटलं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते मतांच्या आलेखाने. सरावाच्या प्रत्येक केसला तुम्ही उत्तर दिलं की खाली एक आलेख उघडायचा: तज्ज्ञांपैकी किती जण ग्रुप १ म्हणाले, किती २, किती ३. काही केसमध्ये एकच उंच खांब. तिथे तुमचं उत्तर वेगळं आलं तर तुम्हाला अजून शिकायचं आहे, प्रश्न मिटला. पण काही केसमध्ये दोन जवळजवळ सारखे खांब असायचे. आयुष्यभर प्रोस्टेटच बघणारी माणसं, तरी निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे. आयएसयूपीचा इमेजबेस हा संदर्भचित्रांचा संग्रहही मी या काळात बाजूला उघडून बसायचे. तिथे २४ तज्ज्ञांच्या मंडळापैकी दोन-तृतीयांश जुळले तरच केसला एकमताची म्हणतात. म्हणजे तज्ज्ञांचंही न जुळणं हे तिथे धरूनच चाललेलं आहे.

सुसंगती म्हणजे प्रत्येक स्लाइडवर सगळ्यांनी एकच आकडा म्हणणं, अशी माझी आधीची समजूत होती. आलेख बघून ती बदलली. बहुतेक स्लाइडवर जुळलंच पाहिजे, तिथे न जुळायला निमित्त नाही. उरलेला एक पट्टा असतो, तीन आणि चारच्या मधला, तिथे आजाराचंच स्वरूप दोन्हींच्या मधे आहे. तो पट्टा कुठे आहे हे ओळखता येणं आणि तो आला की रिपोर्टमध्ये तसं लिहिता येणं, हे मला खरं कौशल्य वाटतं. "चारचा भाग ५ टक्क्यांहून कमी, नीट न घडलेल्या ग्रंथी, क्रिब्रिफॉर्म नाही" असं लिहिलं तर युरॉलॉजिस्ट त्या रुग्णाकडे ग्रुप २ म्हणून आंधळेपणाने बघत नाही. दुसऱ्या संस्थेत त्याच स्लाइडला ग्रुप १ म्हटलं गेलं तरी नातेवाईकांच्या हातातले दोन कागद मग एकमेकांचे शत्रू राहत नाहीत.

टक्क्यांचा सराव वेगळा होता आणि खूप चांगला होता. कॉम्प्युटरने चारचा भाग आधीच मोजलेला असायचा आणि आपण अंदाज सांगायचा. गुलाबी-जांभळ्या गर्दीत चारचा भाग दाट असतो, म्हणून डोळा त्याला मोठा समजतो. खरा एक-तृतीयांश असलेला भाग अर्ध्याहून जास्त वाटतो. अर्ध्याची रेषा ओलांडली की ३+४ चं ४+३ होतं, म्हणून हा अंदाज चुकून चालत नाही. सराव करत गेलं की डोळा खरंच सुधारतो, हे मी ठामपणे सांगते.

नियमांचा भाग वाचून समजण्यासारखा आहे, त्यावर थांबत नाही. सुईबायॉप्सीत वरचा ग्रेड कितीही थोडा असला तरी धरायचा. वरचा ग्रेड भरपूर असताना खालचा ५ टक्क्यांहून कमी असेल तर सोडायचा. हार्मोन किंवा रेडिएशनचा परिणाम ठळक दिसत असेल तर ग्रेड द्यायचाच नाही. प्रत्येक जागेच्या कोअरचा ग्रेड वेगळा लिहायचा, सगळ्यांची सरासरी काढायची नाही. हे शेवटचं आपल्याकडे सर्रास मोडलं जातं, आणि त्याचं कारण पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर नसतंच. बारा कोअर एकाच डबीत येतात. डावीकडचा कुठला, उजवीकडचा कुठला, काही कळत नाही, आणि गुंतलेल्या कोअरचे तुकडे होतात.

थेट सत्रात मी हा प्रश्न विचारला. शिकवणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या की मग डबीचा म्हणून एकच ग्रेड द्या आणि कोअर तुटलेले होते हे नोंदवा, पण आधी तुमच्या युरॉलॉजिस्टशी बोला. मी बोलले. आमच्या इथल्या सरांनी मनावर घेतलं आणि आता निदान डावी-उजवी बाजू वेगळ्या डब्यांत येते, एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेतला कोअर तिसऱ्या डबीत. याचा फायदा प्रत्येक रुग्णाला होतो आहे.

लॅबच्या आत बदल झाला तो सेक्शनचा. जाड सेक्शनमध्ये ग्रंथी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, पोकळ्या बुजतात आणि तीनचा चार होऊ शकतो. आमच्या टेक्निशियन ताई मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे काप काढायच्या यंत्रावर, फार निगुतीने काम करतात. त्यांना मी प्रशिक्षणातल्या दोन स्लाइड शेजारी शेजारी लावून दाखवल्या, एक तीन मायक्रॉनची, एक जाड. त्यांनी बघून लगेच विचारलं, "मग मधल्या रिबन फेकायच्या नाहीत का?" अगदी हेच हवं होतं. आता प्रोस्टेटच्या प्रत्येक ब्लॉकच्या तीन पातळ्या कापल्या जातात आणि मधल्या रिबन, म्हणजे सलग निघालेल्या कापांच्या पट्ट्या, कोऱ्या स्लाइडवर राखून ठेवल्या जातात, म्हणजे पुढे आयएचसी, म्हणजे पी६३सारखे विशेष रंग, लागलं तर ब्लॉक पुन्हा लावून तो बारीकसा कॅन्सर कापून घालवायची वेळ येत नाही. अशा प्रशिक्षणात टेक्निशियनसाठी एक स्वतंत्र पाठ असायलाच हवा. संयोजकांना मी तसं लिहून कळवलं आहे.

शेवटच्या परीक्षेत पुन्हा नव्या केस. तुकडीचा कॅपा चढला होता. क्रिब्रिफॉर्मवर जवळजवळ सगळ्यांचं जुळलं, नीट न घडलेल्या ग्रंथींवर सुधारणा कमी होती. हे अपेक्षितच होतं. काही महिन्यांनी हाच डोळा पुन्हा जुन्या सवयीला जाऊ शकतो, म्हणून मध्ये मध्ये थोड्या केस पाठवत राहू, असं ते म्हणाले. त्या येतात आणि मी त्या त्याच दिवशी सोडवते.

एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "एआय येतंय तर हे कशाला?" त्याला मी २०२० च्या पांडा स्पर्धेबद्दल सांगितलं. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड आणि स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इथल्या मंडळींनी दहा हजारांहून जास्त बायॉप्सी खुल्या केल्या आणि जगभरच्या लोकांनी ग्रेड ठरवणारे प्रोग्रॅम लिहिले. चांगले चालले. पण त्यांना शिकवण्यासाठी लागणारी उत्तरं पॅथॉलॉजिस्टांनीच दिलेली होती आणि त्या उत्तरांच्या विसंवादाशीही त्यांना झगडावं लागलं. एआयने सात म्हटलं आणि मला सहा वाटलं, तर का वाटलं हे मला सांगता आलं पाहिजे. त्या दिवशीही हेच शिक्षण कामाला येणार.

सहा आणि सातमधल्या फरकाचं वजन किती हे समजायला ब्रिटनमधली प्रोटेक्ट चाचणी वाचावी. पीएसएवरून सापडलेला, प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर असलेले १६४३ पुरुष. काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त लक्ष. २०२३ मध्ये १५ वर्षांचा हिशोब आला तेव्हा तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले ३ टक्क्यांहून कमी होते. सौम्य आजारात थांबता येतं, हे यातून दिसतं. पण थांबायचं तर आजार सौम्य आहे यावर भरवसा हवा आणि तो भरवसा आमच्या ओळीतून येतो. आपल्याकडे संघटित तपासणी मोहीम नाही, पुष्कळ रुग्ण लघवी अडल्यावर किंवा कंबर दुखायला लागल्यावरच येतात आणि त्यांचा आजार पुढे गेलेला असतो. पण पन्नाशीनंतर चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए करून घेणारे शहरात वाढलेत, त्यामुळे लहान, सौम्य कॅन्सरही आता माझ्या टेबलावर येऊ लागले आहेत. तीन की चार हा प्रश्न त्यांच्याच बाबतीत सर्वांत जास्त महत्त्वाचा.

आमच्या भागातल्या बैठकीत आता प्रोजेक्टरवर स्लाइड लावली की हात वर करून मत सांगायची पद्धत आम्ही बंद केली. ज्येष्ठ सर आधी बोलले की बाकीचे त्यांच्याकडे झुकतात, हे सरांनीच बोलून दाखवलं. आधी प्रत्येकाने कागदावर ग्रेड, चारचे टक्के आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग कागद उघडायचे. कारण लिहिल्याशिवाय आकडा धरला जात नाही. सर जिच्यावर ४+३ म्हणून ठाम राहिले होते ती जुनी स्लाइडही आम्ही पुन्हा लावली, या वेळी तीन पातळ्यांवरचे सेक्शन कापून. सरांनी दुसऱ्या पातळीवर बोट ठेवून मिसळलेल्या ग्रंथींचा घोळका दाखवला, मी पहिल्यावरच्या बाजूने कापलेल्या ग्रंथी दाखवल्या, आणि टक्के मोजून ३+४, चारचा भाग ३० टक्के, क्रिब्रिफॉर्म नाही, असं सगळ्यांच्या सहीने लिहिलं. पुढच्या बैठकीसाठी नांदेड आणि धाराशिवच्या सहकाऱ्यांनी आपापल्या अवघड केस काढून ठेवल्या आहेत. स्कॅनर कुणाकडेच नाही, म्हणून स्लाइडचे डबे एसटीच्या पार्सलने येणार आहेत.